तोच सिनेमा, पुन्हा

गाजलेल्या जुन्या चित्रपटांना आणि मालिकांना पुन्हा हात लावावा का, हा प्रश्न आमच्या फिल्म सोसायटीत निघाला की गप्पा रात्री उशिरापर्यंत चालतात. ज्येष्ठ मंडळींना तो अपमान वाटतो, तरुणांना हक्क वाटतो. जुना आणि नवा चित्रपट जोडीने दाखवायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. त्या जोड्या बघताना मला जे उमगत गेलं, ते इथे लिहिते आहे.

१. तोच विषय पुन्हा करणं आपल्या सिनेमाला जन्मापासून ठाऊक आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ केला आणि १९१७ मध्ये स्वतःच ती कथा पुन्हा चित्रित केली. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आणि १९२३ मध्ये ‘सिंहगड’ हे मूकपट केले. त्यांच्याच हाताखाली घडलेल्या व्ही. शांताराम यांनी १९३३ मध्ये ‘प्रभात’ फिल्म कंपनीसाठी हे दोन्ही विषय परत घेतले. आता पात्रं बोलू लागली होती. ‘सैरंध्री’ तर रंगीत करायची जिद्द होती, त्यासाठी फिल्म थेट जर्मनीला प्रक्रियेसाठी गेली. रंग मात्र मनासारखे उतरले नाहीत. गुरूचा विषय शिष्याने पुन्हा करायला घेतला तो त्याच्या हाती नवं साधन आलं होतं म्हणून. हे कारण मला आजही पुरेसं वाटतं.

२. ज्याला कुणी हात लावू नये असं मराठी माणूस ठासून सांगतो, तो चित्रपटच मुळात दुसऱ्यांदा केलेला आहे. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ चा. त्याचं मूळ हृषिकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’मध्ये. भाड्याने घर मिळत नाही, जोडप्यांनाच मिळतं, म्हणून मित्रांपैकी दोघांनी बायकांची सोंगं घ्यायची, ही कल्पना तिथलीच. पण आज हिंदीतला तो चित्रपट किती जणांना आठवतो? आणि ‘बनवाबनवी’ आपल्याकडे तीन पिढ्यांना पाठ आहे. वसंत सबनीसांच्या संवादांनी तो पुण्याचा झाला. बिऱ्हाडं, घरमालक, लीलाबाई काळभोरांचं घर, नोकरीसाठी शहरात आलेली पोरं हे सगळं प्रेक्षकांच्या रोजच्या जगण्यातलं होतं. गुलजारांचंही तसंच. त्यांनी लिहिलेला ‘दो दूनी चार’ १९६८ मध्ये चालला नाही. तीच जुळ्यांची गोष्ट त्यांनी १९८२ मध्ये स्वतः दिग्दर्शित केली आणि ‘अंगूर’ झाला. ज्या गोष्टीत दम होता पण जिला पहिल्या वेळी प्रेक्षक मिळाला नाही, तिला दुसरी संधी द्यावी, असं मला मनापासून वाटतं. आपण नेमकं उलट करतो. जे पूर्ण फुललं आहे त्यालाच पुन्हा पेरायला निघतो.

३. उत्तम पुनर्निर्मिती मूळ कथेला पुढे नेते, हे मला ‘पिंजरा’ने दाखवलं. योसेफ फॉन स्टर्नबर्गचा ‘द ब्लू एंजल’ १९३० चा, जर्मनीतला. एक कडक शिस्तीचा प्राध्यापक गाणाऱ्या बाईच्या नादी लागतो, प्रतिष्ठा घालवतो, विदूषक होतो आणि शेवटी आपल्या जुन्या वर्गात येऊन मरतो. १९७२ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्याचा तमाशा केला, प्राध्यापकाचे गावचे गुरुजी केले, आणि त्या भूमिकेसाठी रंगभूमीवरून डॉ. श्रीराम लागूंना आणलं. इथपर्यंत स्थलांतर आहे, कुणी कसबी माणूस ते करू शकला असता. पण पुढे जे घडतं ते जर्मन चित्रपटात नाही. दुसऱ्याच कुणाचं प्रेत गुरुजींचं समजलं जातं. गाव मेलेल्या गुरुजींना देव मानतं. आणि तमाशाबरोबर भटकणारा जिवंत माणूस अखेर त्या आदर्श गुरुजींच्याच खुनाच्या आरोपाखाली फासावर जायला तयार होतो, कारण खरं सांगितलं तर गावाची श्रद्धा मोडेल.

दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले त्या संध्याकाळी मी बराच वेळ खुर्चीतून उठले नाही. जर्मन चित्रपट एका माणसाच्या अधःपाताबद्दल आहे. ‘पिंजरा’ त्या माणसाबद्दल आहेच, पण त्याहून जास्त तो गावाबद्दल आहे. आपल्याला आदर्श माणूस जिवंत असण्यापेक्षा मेलेला बरा वाटतो, याबद्दल आहे. शाळेच्या भिंतींवर तसबिरी लावणाऱ्या आपल्या समाजालाच तो शेवट सुचू शकत होता. मूळ कथेला असा एक प्रश्न विचारता येत असेल, जो तिच्या पहिल्या कर्त्याला पडलाच नव्हता, तर ती खुशाल पुन्हा करावी.

४. नाटक पुन्हा करावं का, हा प्रश्न आपण कधी विचारत नाही. ‘नटसम्राट’ १९७० मध्ये आलं, लागूंचे अप्पा बेलवलकर दंतकथा झाले, तरी पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी ती भूमिका केली आणि लोक प्रत्येकाचे अप्पा वेगळे म्हणून बघायला गेले. ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ चं, दारव्हेकरांचं लेखन, अभिषेकींचं संगीत, वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब. वसंतरावांनंतर हे नाटक बंद करा असं कुणी म्हटलं नाही. त्यांच्या नातवाने, राहुल देशपांड्यांनी तीच भूमिका पुन्हा उभी केली तेव्हा नाट्यगृहं भरली. २०१५ मध्ये सुबोध भावेंनी चित्रपट केला, तेव्हा सचिन पिळगावकरांच्या खाँसाहेबांना गाता गळा राहुल यांचाच होता. रंगभूमीवर भूमिका वारशाने पुढे जाते. पडद्यावर ती एका चेहऱ्याला कायमची चिकटते, म्हणून तिथे दुसरा चेहरा आला की आपल्याला घरात परका शिरल्यासारखं वाटतं. ती भावना खरी आहे. तिच्यावर निर्णय मात्र सोपवता येत नाही.

५. काही गोष्टी मातीतून उपटल्या की मरतात. ‘सैराट’ (२०१६) आणि ‘धडक’ (२०१८) ही जोडी आम्ही लावली तेव्हा मला वाटलं होतं, चर्चा गाण्यांवर होईल. गाणी तर दोन्हीकडे अजय-अतुलचीच. ‘झिंगाट’ हिंदीतही घेतलं. पण चर्चा एका थपडेवर झाली. ‘सैराट’मध्ये पाटलांचा पोरगा भर वर्गात शिक्षकाच्या कानाखाली वाजवतो. तो कोणाचा, शिक्षक कोण, आणि पुढे त्याला कुणी काही का बोलत नाही, हे करमाळ्याच्या परिसरातल्या कुठल्याही पोराला कुणी समजावून सांगावं लागत नाही. परश्याचं घर मासेमारी करणाऱ्यांचं, अर्ची बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी पाटलाची मुलगी, तिची ठसक्यात येणारी सोलापुरी बोली. यातल्या प्रत्येक गोष्टीत जात आहे, आणि नागराज मंजुळेंना तिच्याबद्दलच बोलायचं आहे.

‘धडक’मध्ये गोष्ट उदयपूरला गेली. तळी आणि महाल सुंदर आले, जातीचा उल्लेख मात्र इतका पुसट झाला की नायकाचा गुन्हा नेमका काय, हेच कळेना. शेवटही बदलला. मूळ चित्रपटात दोघंही मारली जातात आणि त्यांचं मूल रक्तात माखलेल्या पावलांनी बाहेर येतं; हिंदीत नायिका जिवंत राहते. शेवट बदलण्याला माझी हरकत नाही, ‘पिंजरा’नेही शेवट बदललाच. पण तिथे बदल कथेला जास्त खोल घेऊन गेला. इथे ज्या कारणाने ती पोरं मरतात ते कारणच गाळलं. त्या संध्याकाळी एक कॉलेजातली मुलगी उठून म्हणाली, “आमच्या गावची गोष्ट देशभर दाखवायची होती ना, मग गावच का काढून टाकलं?” मला तिच्या प्रश्नात भर घालावी असं काही सुचलं नाही.

६. कधी कधी जुन्याकडे परत जायचा सर्वांत चांगला रस्ता म्हणजे जुनाच चित्रपट नीट दुरुस्त करणं. ‘शोले’चं नवं रूप म्हणून २००७ मध्ये ‘राम गोपाल वर्मा की आग’ आला आणि विसरला गेला. २०२५ मध्ये फिल्म हेरिटेज फाउंडेशनने दुरुस्त केलेली ‘शोले’ची प्रत इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. आणीबाणीत सेन्सॉरने बदलायला लावलेला शेवट तिच्यात परत आला आहे; ठाकूर गब्बरला स्वतःच्या पायांनी संपवतो. पन्नास वर्षं पाहिलेल्या चित्रपटाला असा नवा शेवट मिळतो, यापेक्षा मोठा थरार कुठली पुनर्निर्मिती देणार?

७. छोट्या पडद्याचं गणित वेगळं आहे. रामानंद सागर यांचं ‘रामायण’ १९८७ मध्ये सुरू झालं. २००८ मध्ये त्यांच्याच संस्थेने नव्या कलाकारांसह, नव्या तंत्राने ते पुन्हा केलं. पण २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत लागलं ते जुनंच. त्यातला बाण हवेत थांबतो, समोरचा बाण येतो, दोन्ही आदळतात, हे सगळं माझ्या भाच्यांना फार संथ वाटलं. तरी रोज वेळेवर येऊन बसत. मालिकेशी नातं सवयीतून जडतं. घरातली सगळी माणसं एका वेळी एका जागी बसलेली, हा तिचा अर्धा आशय असतो, आणि तो नव्याने चित्रित करता येत नाही.

८. मुलांसाठी जुनी गोष्ट पुन्हा सांगावीच लागते. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’वर आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये चित्रपट केला. वनमाला आई, माधव वझे श्याम. पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळालं. एवढा मान मिळालेल्या चित्रपटानंतर २०२३ मध्ये सुजय डहाकेंनी ते पुस्तक पुन्हा घेतलं, आणि कृष्णधवलच चित्रित केलं. मला त्यातलं धाडस आवडलं. मुलं कृष्णधवल बघत नाहीत हे सगळे गृहीत धरतात. आमच्याकडे आलेली शाळकरी मुलं मात्र शांत बसून बघत होती. नंतर त्यांनी विचारलेले प्रश्न मला माझ्या लहानपणी सुचले नव्हते. आई आजारी असताना डॉक्टर का येत नाही? तिच्या माहेरचे काय करत होते? आमची पिढी त्या चित्रपटात फक्त रडली. या मुलांना त्या बाईचं दारिद्र्य दिसलं. पुस्तक तेच, पण दर पिढीला त्यातलं दुसरंच काही खुपतं, म्हणून ते पुन्हा पडद्यावर यायला हवं.

९. नवा चित्रपट जुन्याला मारत नाही. जुन्याला मारतो तो आपला हलगर्जीपणा. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात, ‘प्रभात’च्या जुन्या आवारात, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठाराला आग लागली. नायट्रेट एकदा पेटलं की हवा तोडूनही विझत नाही. ‘प्रभात’च्या मूळ प्रतींसह अनमोल फिल्म तिथे जळाल्या. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चीही मोजकी रिळंच उरली आहेत. क्वचित पुनर्निर्मिती मात्र खरोखरच जिवावर उठते. ‘गॅसलाइट’ १९४० मध्ये ब्रिटनमध्ये झाला. हॉलिवूडच्या एमजीएमने हक्क विकत घेऊन १९४४ मध्ये इन्ग्रिड बर्गमनला घेऊन तो पुन्हा केला आणि ब्रिटिश चित्रपटाच्या प्रती नाहीशा करायचा प्रयत्न केला. सुदैवाने काही वाचल्या. म्हणून ‘करावा का’ यापेक्षा ‘जुना बघायला मिळेल ना’ हा प्रश्न मला जास्त तातडीचा वाटतो. हक्क विकत घेणाऱ्याने मूळ चित्रपटाची चांगली प्रत तयार करून ती लोकांना बघायला खुली ठेवावी, अशी अट करारातच हवी. नवा वाईट निघाला तरी मग बिघडत नाही. लोक जुना बघतील.

१०. एक चित्रपट पुन्हा व्हावा असं मला फार वाटतं: बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’. ना. ह. आपट्यांच्या कथेवरचा, १९२५ चा मूकपट. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी गाव सोडून गिरणीत मजूर होतो. पौराणिक चित्रपटांच्या त्या काळात पेंटरांनी समोरचं वास्तव पडद्यावर आणलं, आणि १९३६ मध्ये त्यांनी स्वतःच त्याचा बोलपट केला. मूळ मूकपट आज बघायला मिळत नाही, त्यामुळे कुणाच्या आठवणीशी झुंजायचं नाही, कुठला चेहरा पुसायचा नाही. आणि गोष्ट तर संपलेलीच नाही. वहीतला सावकार आता मोबाइलवर कर्ज देणाऱ्या ॲपमध्ये आहे, बचतगटाच्या हप्त्यासाठी दारात बसणाऱ्या वसुलीवाल्यात आहे. गिरण्या बंद झाल्या, मराठवाड्यातला शेतकरी आज ऊसतोडीला जातो, पुण्याच्या बांधकामांवर जातो, रात्रपाळीचा सुरक्षारक्षक होतो. कुणी तरुण दिग्दर्शकाने हे करायला घ्यावं. कोल्हापुरात करावं, तिथल्याच माणसांना घेऊन करावं, आणि सावकाराचं घर कुठलं दाखवायचं याचा विचार मात्र नीट करावा, कारण आता त्याला घर लागत नाही.