कड्याच्या कुशीतील घरे

उत्तर अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात मेसा व्हर्डे नावाचे पठार आहे. त्याच्या वालुकाश्माच्या कड्यांत पाणी झिरपून मोठमोठ्या पोकळ्या पडल्या आहेत. अशाच एका प्रशस्त पोकळीत, इसवी सनाच्या तेराव्या शतकात, पुएब्लो लोकांच्या पूर्वजांनी एक गाव वसविले. त्यात सुमारे १५० खोल्या व २३ ‘किवा’ आहेत. किवा म्हणजे धार्मिक विधींसाठी व सभांसाठी जमिनीत बांधलेली वर्तुळाकार खोली. या गावाला आज ‘कड्यातील राजवाडा’ अशा अर्थाचे नाव असले, तरी तेथे राहणारे लोक मका, घेवडा व भोपळा पिकविणारे शेतकरी होते.

त्या शतकाच्या अखेरीस दीर्घ अवर्षण पडले. अन्नाची चणचण भासू लागली. अखेर लोक घरे सोडून दक्षिणेकडे गेले. गाव ओसाड झाले, पण वंश खुंटला नाही. होपी, झुनी इत्यादी पुएब्लो लोक आजही त्या घरांना आपल्या पूर्वजांची घरे मानतात.

सायंकाळी कड्यासमोर उभे राहिले, की बारीकसारीक तपशील हळूहळू लोपतात. उरतात ते चौकोनी मनोरे, वर्तुळाकार किवा, खिडक्यांचे काळे आयत आणि वर कड्याची कमानदार सावली. वस्तूची हुबेहूब नक्कल न करता असे मोजके आकार व रंग यांतूनच तिचा भाव प्रकट करणे, यास अमूर्त कला म्हणतात.

डॅन नामिंगा हे या परंपरेतील चित्रकार. त्यांचा जन्म १९५० साली होपी-टेवा कुळात झाला. प्रसिद्ध कुंभार-कलावती नाम्पेयो या त्यांच्या पूर्वज होत. नामिंगांच्या चित्रांत पठार हा रंगाचा रुंद पट्टा होतो आणि पठारावरील गावातील घरे साधे चौकोन होतात.

पुएब्लो लोक आपले काही विधी व प्रतीके परक्यांपुढे उघड करीत नाहीत. तेथे अमूर्त आकार फार उपयोगी पडतो. तो पूर्वजांची आठवण जागी ठेवतो आणि जे पवित्र, ते झाकूनही ठेवतो. परक्याला ज्यात केवळ सुंदर चौकोन दिसतो, त्यात त्या कुळातील मुलाला आपले घर दिसते.

स्वाध्याय
१. लोकांनी कड्यातील गाव का सोडले?
२. ‘गाव ओसाड झाले, पण वंश खुंटला नाही’ हे विधान स्पष्ट करा.
३. आपले घर केवळ चौकोन, वर्तुळ व रेषा वापरून काढा. काय ठेवले, काय वगळले व का, ते चार ओळींत लिहा.