हातात किती आणि पदरात किती

नंदुरबार

चि. सौ. छकुलीस,


फोनवर तू दोनच आकडे सांगितलेस. तिकडं गुजरातेत कडोदऱ्याचा ठेकेदार 14,500 रोख देतो, आणि दुसरा कारखाना 14,000 वर घेतो पण ‘कापाकापी फार’. दहा महिन्यांच्या पोरीला कुठं ठेवायचं, हा प्रश्न मात्र तू शेवटी विचारलास. मी तिथूनच सुरुवात करते.

14,000 मधून पीएफचे 1,680, ईएसआयचे 105 आणि व्यवसाय कराचे 200 गेले की हातात 12,015 येतात. आता ठेकेदाराच्या 14,500 मधून चलथाणच्या बाईच्या पाळणाघराचे 2,000 वजा कर. राहिले 12,500. म्हणजे अंतर पाचशेच्या आतच. मात्र कारखान्यात घोडियाघर, म्हणजे पाळणाघर, असलं पाहिजे, नाहीतर हा सगळा हिशेब कोसळतो. पूर्वी कारखाना कायद्यात तीसहून जास्त बाया असल्या की पाळणाघर लागायचं. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या सुधारणेनं बाया-पुरुष मिळून पन्नास माणसांचा आकडा धरला, आणि आईला दिवसातून चार वेळा लेकराकडं जायची मुभा दिली. तू अजून अंगावर पाजतेस, म्हणून त्या चार वेळा मला पैशाहून मोठ्या वाटतात.

आणि ते 1,680 कुठं जात नाहीत, तुझ्याच नावावर साठतात. सेठलाही तेवढाच वाटा घालावा लागतो. 105 चं तर मी तुला पोटतिडकीनं सांगते. उधन्याच्या एका मिलमध्ये मी घडीकाम करायचे तेव्हा मुकादमानं हेच विचारलं होतं, ‘कापू की हातात देऊ?’ मी हातात घेतले. तुझा दादा झाला तेव्हा एक पैसा मिळाला नाही, आणि सव्वा महिना होतो न होतो तोच मी घड्या घालत बसले. आज आधीच्या दोन सहामाहींत मिळून 70 दिवसांची वर्गणी भरलेली असली की ईएसआय बाळंतपणात 26 आठवड्यांचा पगार देते. तुझ्या पगारावर ते 84,000 च्या आसपास जातील. दुसऱ्या लेकराचा विचार आज नसेल, पण तो आल्यावर वर्गणी सुरू करून भागत नाही. मातृवंदना योजनेचे पहिल्या वेळी 5,000 मिळाले. दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच 6,000, तेही असा दुसरा लाभ घेतला नसेल तर.

टिकल्या लावायचं काम घरी आणावं म्हणतेस. पोर रांगायला लागलीय, टिकली तोंडात घालेल. नको. सासूबाईंना गावाहून बोलावणं फुकट वाटतं, पण मग तिथली शेरडं कोण बघणार? अंगणवाडीत मात्र नाव आजच घाल. त्यासाठी गुजरातचं रेशनकार्ड लागत नाही, बालशक्ती आहाराची पाकिटं मिळतील. बसायला जाणं तीन वर्षं पूर्ण झाल्यावर, तेही थोडेच तास. जावईबापू इन्कम टॅक्समधून फी सुटते म्हणाले. आपल्याला कर बसतच नाही, सुटणार काय!

लेकीच्या योजनांचं वेगळं आहे. गुजरातची ‘व्हाली दीकरी’ पहिलीला 4,000, नववीला 6,000 आणि अठराव्या वर्षी एक लाख देते. महाराष्ट्राची ‘लेक लाडकी’ टप्प्याटप्प्यानं 1,01,000 देते, पण ती इथल्या रहिवाशांना, पिवळ्या-केशरी कार्डावर. तुमचं बिऱ्हाड नवापूर स्टेशनासारखं, अर्धं इकडं अर्धं तिकडं. कागद जिथले असतील तिथलीच एक धर, दोन्हीकडं हात मारू नकोस. व्हाली दीकरीचा अर्ज जन्मापासून वर्षाच्या आत भरावा लागतो, तुझ्याकडं दोन महिने उरलेत. पाळणाघराची फी मात्र यातल्या कशानंच भरत नाही.

तेव्हा आधी कारखान्यात जा, आणि सकाळी नको, दुपारी दोनला जा. सेठ दाखवेल ती खोली नीट बघ. आत झोळ्या आहेत का, मुतेऱ्या दुपट्यांचा वास येतो का, सांभाळणारी बाई जागी आहे का. दाराला कुलूप असलं आणि किल्ली सापडत नसली, तर वरच्या हिशेबात 2,000 पुन्हा मांड आणि मला फोन कर.

तुझी,
आत्या