औदुंबर : पूजा आणि जोपासना

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

श्रीगुरुचरित्राच्या एकोणिसाव्या अध्यायातला औदुंबराचा महिमा आपण दर सप्ताहात वाचतो. हिरण्यकशिपूला मारल्यावर नृसिंहाच्या नखांचा दाह होऊ लागला, लक्ष्मीने औदुंबराची फळे आणली, त्यांत नखे रोवताच दाह शमला. माझ्या आजीला ही कथा तोंडपाठ होती. उन्हाळ्यात कुणाला उष्णतेचा त्रास झाला, की "देवाची आग यानंच गेली रे" म्हणत ती पिकली उंबरे खायला द्यायची. गालगुंडावर उंबराचा चीक लावायची. (आता गालगुंड आले तर आधी डॉक्टर गाठावा, हेही सांगून ठेवतो.) वड, पिंपळ यांच्याबरोबर उंबराची सालही आयुर्वेदाच्या पंचवल्कलात मोडते, तिच्या काढ्याने जखमा धूत. नवग्रहांच्या होमात शुक्राची समिधा उंबराचीच.

उंबराला फूल येत नाही असे आपण म्हणतो, आणि फार दिवसांनी आलेल्या पाहुण्याला 'उंबराचे फूल' म्हणतो. पण कच्चे उंबर फोडून पाहा. आत शेकडो बारीक फुले दाटीने असतात. चिलटाएवढी एक माशी टोकाच्या छिद्रातून आत शिरते, तिच्यामुळे परागीकरण होते आणि बी धरते. ती माशी नसेल तर बी नाही. म्हणून उंबरातल्या किड्यांना नाक मुरडू नये. खाताना मात्र फळ फोडून, झटकून घ्यावे.

आता मूळ मुद्दा. आमच्या गावच्या देवळातल्या औदुंबराचा पार सहा-सात वर्षांपूर्वी नवा झाला. हौसेने खोडाला भिडेपर्यंत फरशी बसवली. वर्गणी गोळा करणाऱ्यांत मीही होतो, म्हणून दोष दुसऱ्या कुणाला देत नाही. तिसऱ्या वर्षी शेंड्याच्या फांद्या वाळल्या. आम्ही प्रदक्षिणा वाढवल्या, दूधही वाढवले. बुंध्याशी दूध आंबून मुंग्या लागल्या, खोडाच्या ढोलीत लावलेल्या पणत्यांनी साल करपली. शेवटी गावातला एक जुना माळी म्हणाला, "काका, त्याला श्वास कुठनं घेऊ देता?"

फरशी फोडायची म्हटल्यावर वाद झाला. पावित्र्य, खर्च, सगळे निघाले. अखेर बुंध्याभोवती तीन हात जागा मोकळी केली, शेणखत आणि पालापाचोळा घातला. दूध आता वाटीभर, तेही तीर्थाच्या भांड्यात. दिवे पाराच्या कडेला. दुसऱ्या पावसाळ्यात नवी पालवी आली. वाळलेल्या दोन फांद्या मात्र गेल्या त्या गेल्याच.

ज्यांना लावायचे आहे त्यांनी घराच्या भिंतीपासून, आडापासून आणि पाण्याच्या टाकीपासून दूर लावावे. मुळे ओलाव्याच्या मागे जातात आणि पाया उचलतात. उंबराजवळ पाणी असते ही आपली समजूत जुनीच आहे. वराहमिहिराने बृहत्संहितेत भूजल दाखवणाऱ्या झाडांत उंबर सांगितला आहे. ओढाकाठ, शेताचा बांध, देवळाचे आवार, या जागा उत्तम. पिकलेली फळे पाण्यात कुस्करून बी वेगळे करावे आणि वाळू मिसळलेल्या मातीवर नुसते भुरभुरावे, खोल पुरू नये. पक्ष्यांच्या विष्ठेतून भिंतीच्या फटीत रुजलेले रोप दिसले, तर 'देवाचे झाड, हात कसा लावू' म्हणून थांबू नका. वीतभर आहे तोवर आषाढात मुळासकट अलगद काढा आणि दुसरीकडे लावा. आमच्या घरी वडिलांनी ते राहू दिले होते. परसातली भिंत मला पाडावी लागली आणि झाडही तोडावे लागले. ते मनाला अजून लागते. पहिले दोन उन्हाळे पाणी आणि गुरांपासून कुंपण एवढे सांभाळले की पुढे झाड आपले आपण वाढते.

यंदा पाराच्या कडेच्या सांदीतून मी चार रोपे काढून डब्यांत लावली आहेत. ज्यांच्याकडे बांध किंवा ओढाकाठ असेल त्यांनी पाऊस लागला की घेऊन जावीत. डबा तेवढा परत आणून द्यावा.