फरसबंद आवारांतील पावसाचें पाणी

भिवंडी-वाडा रस्त्यावर अंबाडीच्या आसपास ज्या बंधूंच्या जमिनी गुदामांसाठीं मागितल्या जात आहेत, त्यांच्यासाठीं हा लेख आहे. जमीन द्यावी कीं न द्यावी, हें ज्याचें त्यानें पाहावें. पाण्याचा हिशेब मात्र आधीं करावा.

एका एकरावर चार इंच पाऊस पडला म्हणजे सुमारें ४ लक्ष लिटर पाणी होतें. खाचराचा बांध धड असल्यास त्यांतील बहुतेक खाचरांतच उभें राहून सावकाश झिरपतें. त्याच एकरावर छप्पर व काँक्रीट आलें कीं रुपयास चौदा आणे पाणी घटकाभरांत खालच्या शेतांत उतरतें. आम्हीं हें भोगलें आहे. वरच्या अंगाचें एक आवार फरसबंद झालें, त्याच पावसाळ्यांत आमचा बांध दोनदां फुटून नुकतीच केलेली लावणी गाळाखालीं गेली. जन्म महसुली दप्तरांत गेलेला. गांवनकाशा काढून पाहिला, तों नाल्याच्या जागीं भराव!

अमेरिकेंत मेरिलँड संस्थानांतील प्रिन्स जॉर्जेस परगण्यानें या प्रश्नाचा अभ्यास करून १९९९ सालीं मार्गदर्शक पुस्तक काढलें. पाणी दूर न लोटतां पडेल तेथेंच थोपवावें, हें त्याचें सूत्र. फरशीचें पाणी उथळ गवती चरांतून न्यावयाचें आणि वाळूमिश्रित मातीच्या खोलगट वाफ्यांत मुरवावयाचें. गवतानें वेग मोडतो. गाळ व मोटारींचें तेलही बरेंच अडतें.

परंतु तेथें पाऊस बारा महिने थोडाथोडा पडतो. आमच्याकडे चार महिन्यांत कोसळतो, आणि मुरमाखालीं काळा पाषाण लागतो. आषाढांत शोषखड्डा बहुधा भरलेलाच असतो. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेथें खड्ड्याचा काय पाड! म्हणून कोंकणांत तळ्यावर भिस्त ठेवावी. त्यास खालीं अरुंद मोरी ठेवावी, म्हणजे पाणी हळूहळू सुटेल. आणि अतिवृष्टीसाठीं वर रुंद, दगडी सांडवा असावा.

जमिनीचा शोष अजमावण्यास हातभर खड्डा पाण्यानें भरावा. जिरल्यावर पुन्हां भरून तासाभराची घट मोजावी. हा प्रयोग पावसाळ्यांतच करावा. उन्हाळ्यांतील भेगाळलेली जमीन खोटी साक्ष देते.

भाडेपट्ट्यांत नाला मोकळा ठेवणें, तळ्यास जागा सोडणें व दर मे महिन्यांत गाळ काढणें, या अटी सहीपूर्वींच घालाव्या आणि गांवनकाशाची नक्कल सोबत जोडावी.