नांगरामागचे बगळे

प्रश्न : नांगरणी सुरू होताच बगळे कसे जमतात? ते शेताला उपद्रवी आहेत का?

उत्तर : फाळाने माती उलटली की हुमणीच्या पांढऱ्या अळ्या, कोष, रातकिडे, गांडुळे उघडी पडतात. गायबगळा मुख्यतः कीटकांवर जगतो. गुरांच्या पायांपाशी किडे टिपणारा हा पक्षी आता ट्रॅक्टरमागेही तसाच चालतो. पहिला उतरला की त्याचा पांढरा रंग दुरून दिसतो आणि बाकीचे येतात. साळुंक्या, कावळे आणि उडते किडे हवेतच पकडणारा कोतवालही त्यांत सामील होतात. पेरलेले दाणे खाणे हा बगळ्याचा स्वभाव नाही, त्यामुळे त्याला हाकलणे म्हणजे शेताचेच नुकसान.

हुमणीची अळी ऊस, भुईमुगाची मुळे कुरतडते. खोल नांगरटीने तिचा काही भाग पक्षी आणि ऊन संपवतात. उरलेल्यांचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेला कडुनिंब, बाभळीवर येतात. फांद्या हलवून ते गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. मात्र भुंगेरे बांध ओलांडून उडतात. एकट्याने केलेला हा उपाय तोकडाच पडतो, शेजारच्या शेतकऱ्यांनीही त्याच दिवसांत हाती घ्यावा लागतो.

दाणेदार विषारी कीटकनाशक मातीवर उघडे राहिल्यास पक्षी मरू शकतात. ते मातीआड करणे अत्यावश्यक. टिटवी मार्च ते ऑगस्टदरम्यान उघड्या रानातच, बहुधा 4 अंडी घालते. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, तर जवळपास अंडी किंवा पिल्ले असण्याची शक्यता धरून जागा शोधावी आणि तेवढा तुकडा वगळून तास काढावा.