पावसाळी दमटपणा आणि यंत्रांच्या चिकटणाऱ्या कळा

मृगाचा पाऊस स्थिरावला की खेड-चिपळूण पट्ट्यातील घरांत मिठाला पाणी सुटते, आगपेटीची काडी पेटेनाशी होते आणि दाराच्या फळ्या फुगतात. ह्याच सुमारास लोटे व आसपासच्या वाड्यांतून आणखी एक तक्रार येऊ लागते : 'बटण दाबले जाते, पण वर येत नाही.' हे बटण कधी फवारणी पंपाचे असते, कधी वजनकाट्याचे, कधी मोबाइलचे, तर कधी विहिरीवरील मोटरच्या स्टार्टरचे. बाब क्षुल्लक वाटते. परंतु तिच्यापायी नुकसान, क्वचित प्राणहानीही, होऊ शकते. यास्तव गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी तिची नीट माहिती करून घेणे इष्ट आहे.

कळ चिकटते ती का ? रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व तो बहुतांशी जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. हवा इतकी ओली असते की कळेच्या फटीत बसलेली धूळ, घाम, चहाचा थेंब वा आंब्याचा रस ह्यांचा चिकट लेप बनतो. खतांचे कण तर हवेतील पाणी शोषून स्वतःच पाझरतात. सुपारीवरील कोळे रोगासाठी बोर्डो मिश्रण हाताळणाऱ्या बागायतदारांच्या यंत्रांत मोरचुदाचा अंश शिरला, तर धातूच्या पट्ट्या लवकर खराब होतात. म्हणजे दोष दोन प्रकारचे : एक, कळ यांत्रिकपणे अडकणे, आणि दुसरा, कळ हालते, पण आतील धातूचे टोक टोकास नीट भिडत नाही. औषध एकच असले तरी दुसऱ्या दोषात ते आत टोकापर्यंत पोहोचणे अगत्याचे असते.

हे औषध म्हणजे कॉन्टॅक्ट क्लीनर. विद्युत् उपकरणांच्या दुकानी तो फवारा-डब्यात मिळतो. त्यातील द्रव मळ सोडवितो व लवकर उडून जातो. मागे ओल राहत नाही. पूर्वी अशा कामी सीएफसी-११३ हे द्रव्य वापरीत; ओझोन थरास ते घातक ठरल्याने १९८७ च्या माँट्रिअल करारानंतर मागे पडले. आताचे पुष्कळसे क्लीनर ज्वालाग्राही असतात, ही गोष्ट विसरू नये. काही प्रकारांत वंगणही मिसळलेले असते. सरकत्या कळेस ते उपयोगी, परंतु रबरी गादीच्या कळेस बिनवंगणाचाच घ्यावा. डबा न मिळाल्यास ९९ टक्के शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते. हात निर्जंतुक करण्याचे सॅनिटायझर मात्र चालत नाही, कारण त्यात पाणी असते व बहुधा ग्लिसरीनही.

बॅटरीवरील फवारणी पंपाचे उदाहरण घेऊ. प्रथम टाकी रिकामी करून धुवावी व हातमोजे घालावेत, कारण कळेभोवती साचलेला थर निव्वळ मळ नसून त्यात कीटकनाशक असते. बॅटरीची तार सोडवावी. ओल्या फडक्याने बाहेरचा थर काढून भाग वाळू द्यावा. क्लीनरचा एक थेंब न दिसणाऱ्या जागी लावून प्लॅस्टिक विरघळत वा पांढरे पडत नाही ना, हे पाहावे. मग डब्याची बारीक नळी कळेच्या फटीत धरून अगदी थोडा फवारा मारावा आणि लगेच कळ वीस-तीस वेळा खालीवर करावी. सुटलेला मळ कापडाने टिपून हीच क्रिया पुन्हा करावी. एकदाच भरपूर फवारल्याने मळ सुटण्याऐवजी आणखी आत जातो. हे काम पडवीत, वाऱ्यावर करावे. चूल व विडी दूर असावी. पावसाळ्यात निदान अर्धा तास वाळू दिल्यावाचून बॅटरी जोडू नये.

कळेत खोबरेल तेल सोडण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. कळ तत्काळ हलकी होते खरी, पण त्याच तेलावर धूळ बसून महिन्याभरात दुप्पट घट्ट होते. माझ्यापुढे आलेल्या एका पंपाच्या कळेतून तेल-धुळीचा काळा गोळाच निघाला. अशी कळ साफ करण्यापेक्षा नवी बसविणेच स्वस्त पडते. रॉकेल व पेट्रोल तर मुळीच वापरू नये.

वजनकाट्याच्या बाबतीत वेगळा विचार हवा. काजू-बी विकताना 'शून्य' करण्याची कळ अडकलेली असेल, तर पोत्याचे वजन वजा होते की नाही, ह्याचा भरवसा राहत नाही. परंतु वैधमापन खात्याचे सील तोडून काटा उघडू नये. ते काम परवानाधारक दुरुस्तकाचे. त्या कळा पातळ पापुद्र्याखाली असतात, म्हणून तेथे फवारा न मारता अल्कोहोलने किंचित ओलावलेले कापड वरून फिरवावे, तेही काटा बंद करून.

आता सर्वांत महत्त्वाचे, स्टार्टर. हिरवी कळ दाबून सोडली की आतील कॉन्टॅक्टर स्वतःस धरून ठेवतो. वीज गेली की सुटतो. ऑटो बसविलेला नसल्यास वीज परतल्यावर मोटर आपोआप सुरू होत नाही, आणि हेच आपले संरक्षण. हिरवी कळ आत अडकून राहिली तर हे संरक्षण नाहीसे होते : वीज येताच मोटर फिरू लागते, मग पट्ट्याशी कोणाचा हात असो वा विहिरीत कोणी उतरलेले असो. लाल कळ आत जाईनाशी झाली तर मोटर बंद करता येत नाही. येथे तीन फेजची ४१५ व्होल्ट वीज खेळते. म्हणून शेतकऱ्याने पेटी स्वतः उघडू नये. मेन स्विच बंद करून, फ्यूज काढून खिशात ठेवावेत व परवानाधारक तारतंत्र्यास बोलवावे. त्याने वीज नसल्याची चाचणी घेऊन मगच कळा साफ कराव्या. कॉन्टॅक्टरची रुपेरी टोके कानशीने घासू देऊ नयेत. त्यांवरील चांदीचा मिश्रधातू झिजतो. कळेची स्प्रिंग गंजलेली दिसल्यास साफसफाईत वेळ न दवडता कळेचा संचच बदलून घ्यावा, आणि पेटीच्या तळाशी तारा शिरण्याचे भोक रबरी बुचाने बुजवावे. कोकणातल्या स्टार्टरमध्ये ओलीबरोबर मुंग्या व पालीही तेथूनच शिरतात.