नाला कोणी ओलांडला?

एका गस्ती तुकडीने मुख्यालयाला असा इंग्रजी संदेश पाठवला असे समजा : ‘क्रॉसिंग द नाला, द एनिमी फायर्ड ॲट अवर पेट्रोल.’ लिहिणाऱ्याच्या मनात होते, ‘आम्ही नाला ओलांडत असताना शत्रूने गोळीबार केला.’ पण वाचणाऱ्याला कळले की नाला शत्रूने ओलांडला! आता नकाशावर शत्रूची खूण भलत्याच जागी पडणार आणि कुमकही तिकडेच जाणार. शब्द सगळे बरोबर आहेत. गडबड झाली ती ‘पार्टिसिपियल फ्रेझ’ची.

मराठीत आपण ज्यांना धातुसाधिते म्हणतो, त्यांच्या जवळची ही रूपे आहेत. त्यांचे तीन प्रकार लक्षात ठेवा.

१) ‘इंग’चे रूप. क्रिया त्याच वेळी चालू असते. ‘मार्चिंग पास्ट द डायस, द कॅडेट्स सॅल्यूटेड.’ (मंचासमोरून जाताना कॅडेट्सनी सलामी दिली.)

२) क्रियापदाचे तिसरे रूप. हे मराठीतल्या ‘लेला, लेली, लेले’सारखे. ‘मेड इन भिलाई, दीज रेल्स कॅरी हेवी ट्रेन्स.’ (भिलाईत तयार झालेले हे रूळ जड गाड्यांचा भार वाहतात.)

३) ‘हॅविंग’ आणि तिसरे रूप. एक काम संपवून दुसरे, म्हणजे आपले ‘ऊन’. ‘हॅविंग क्लीन्ड देअर रायफल्स, द कॅडेट्स वेंट टू द मेस.’ (रायफली साफ करून कॅडेट्स मेसमध्ये गेले.)

नियम एकच : फ्रेझ वाक्याच्या सुरुवातीला असेल, तर तिचा कर्ता आणि स्वल्पविरामानंतरच्या मुख्य वाक्याचा कर्ता एकच हवा. म्हणून स्वल्पविरामापाशी थांबा आणि विचारा, ‘कोण?’

आपली मुले इथे का फसतात? कारण मराठीत ‘ताना’ आपला वेगळा कर्ता बाळगू शकतो. ‘मी मैदानावर जाताना पाऊस आला’ हे वाक्य अगदी शुद्ध आहे. पण ‘गोइंग टू द ग्राउंड, द रेन केम’ असे लिहिले, तर पाऊसच बूट घालून मैदानावर निघतो! दोन कर्ते असतील तर दोघांनाही वाक्यात जागा द्या : ‘व्हाइल आय वॉज गोइंग टू द ग्राउंड, इट बिगॅन टू रेन.’

दुसरे कारण प्रत्ययाचे. ‘आम्ही लालबुंद झालेले रूळ पाहिले’ म्हणा किंवा ‘लालबुंद झालेले रूळ आम्ही पाहिले’ म्हणा, ‘झालेले’ हा शब्द रुळांनाच धरून राहतो. इंग्रजीत असा प्रत्यय नाही, तिथे जागा बोलते. ‘ग्लोइंग रेड, वी सॉ द रेल्स’ लिहिले की आपणच लालबुंद होतो. बरोबर वाक्य : ‘वी सॉ द रेल्स ग्लोइंग रेड.’ ज्याचे वर्णन, त्याच्या शेजारी फ्रेझ.

एनडीएच्या लेखी परीक्षेत इंग्रजीला 200 गुण आहेत. तिथे वाक्यातली चूक ओळखताना ‘कोण?’ हा प्रश्न उपयोगी पडतो.

आता तुम्ही सुधारा :

अ) ‘बिल्ट विथ सोव्हिएत हेल्प, डॉ. राजेंद्र प्रसाद इनॉग्युरेटेड भिलाईज फर्स्ट ब्लास्ट फर्नेस ऑन 4 फेब्रुवारी 1959.’

आ) ‘वेटिंग फॉर द बिगुल, द लाइट्स वेंट आउट.’

इ) सुरुवातीचा गस्तीचा संदेश.

उत्तरे :

अ) सोव्हिएत मदतीने भट्टी बांधली गेली, राष्ट्रपती नव्हेत! ‘बिल्ट विथ सोव्हिएत हेल्प, भिलाईज फर्स्ट ब्लास्ट फर्नेस वॉज इनॉग्युरेटेड बाय डॉ. राजेंद्र प्रसाद ऑन 4 फेब्रुवारी 1959.’

आ) दिवे बिगुलाची वाट पाहत नाहीत. ‘व्हाइल वी वेअर वेटिंग फॉर द बिगुल, द लाइट्स वेंट आउट.’

इ) ‘क्रॉसिंग द नाला, अवर पेट्रोल केम अंडर एनिमी फायर.’ आता नाला आपल्या तुकडीने ओलांडला आणि कुमक योग्य जागी पोहोचेल.